मळ्यांवर तुमच्या नावाची पाटी नको

मास्तर, तुमच्या शोकसभेत मला खाली बसवलं. बाकीचं मागून सांगतो, आधी हे. तुम्ही असता तर सभेहून आल्या आल्या हेच विचारलं असतं, "काय पत्रकवाले, आज कुणाची खोड काढून आलात?"

सभा आपल्या शाळेच्याच हॉलात होती. फोटो तो कोटातला लावला होता, ज्यात तुम्ही दुसऱ्याच कुणासारखे दिसता. हेडमास्तर बोलले, जुने विद्यार्थी बोलले, आणि मग वकीलसाहेब उभे राहिले. तुमचे लंगोटीयार आणि गृहनिर्माण सोसायटीचे अध्यक्ष. रुमाल काढून डोळे पुसले. ते रडणं खरं होतं. त्यांच्याविरुद्ध मी एवढी पत्रकं छापली आहेत, तरी हे लिहिताना माझा हात अडखळत नाही. पण रडून झाल्यावर ते जे बोलले ते ऐका.

"मास्तरांनी जन्मभर या जिल्ह्याच्या वाढीचा विचार केला. वलगाव रोडला आपल्या सोसायटीची नवी कॉलनी होऊन राहिली आहे. तिला मास्तरांचं नाव द्यावं, असा ठराव मी मांडतो. आणि तिथला पहिला प्लॉट वहिनींना, सोसायटीची भेट म्हणून."

वलगाव रोडला, मास्तर. जिथं आमच्या माळ्यांचे मळे आहेत. वांगी, मेथी, सांभार, म्हणजे पुस्तकातली कोथिंबीर, आणि दसऱ्याचा झेंडू ज्या मातीतून अख्ख्या अमरावतीला जातो, तिथं. त्या मळ्यांवर घरं बांधू नका म्हणून तुम्ही ज्या सोसायटीतून बाहेर पडलात, ती सोसायटी त्याच मळ्यांवर तुमचं नाव लावायला निघाली आहे, आणि तेही प्रेमापोटी. प्रेमापोटी निघाली आहे म्हणून तर मला जास्त राग आला. दुष्मनाशी कसं भांडायचं ते मला येतं.

मी उठलो. म्हणालो, "वकीलसाहेब, हा सन्मान आहे की सूड?" एवढंच झालं. मागून कोणीतरी सदरा ओढला. "बस ना बाप्पा. मयताच्या सभेत पत्रकबाजी करून राहिला." सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी बसलो. ठराव टाळ्यांशिवाय मंजूर झाला, कारण शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत.

घरी येऊन पत्रक लिहायला बसलो आणि जमेना. पत्रक लोकांसाठी असतं. मला तुमच्याशी बोलायचं होतं.

तुम्ही अकोल्याची शाळा सोडून आमच्या शाळेत आलात, तेव्हाचा पहिला तास मला अजून आठवतो. आम्ही पुस्तकात आफ्रिका काढून बसलो होतो. तुम्ही म्हणालात, आफ्रिका कुठं जात नाही, मिटा. आणि विचारलंत, "तुमच्या घरी मीठ कुठल्या बाजारातून येतं?"

वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. एकेकाला उभं केलंत. चांदूर रेल्वेकडच्या एका खेड्यातला मुलगा वसतिगृहात राहायचा. तो म्हणाला, मीठ चांदूरच्या बाजाराचं. "आणि आईचं लुगडं?" अमरावतीचं. "का रे? चांदूरला दुकान नाही?" आहे, पण त्याच्याकडे चांगलं नसते. "बैल कुठं विकता?" त्यानं सांगितलं. "आणि बाळंतीण अडली तर कुठं नेता?" तो मुलगा थांबला. मग म्हणाला, "कुठीच नाई नेत, सर."

तुम्ही फळ्याकडे वळलात आणि त्याच्या गावापुढं मोठं शून्य काढलंत. आम्हाला वाटलं, तो चुकला.

माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं, भाजी शहराच्या मंडईत विकतो आणि मीठ वलगावच्या बाजारातून आणतो. पोरं पुन्हा हसली. शहर पायाशी असताना मीठ आणायला कोणी उलटं खेड्यात जातं का? मी म्हणालो, वलगावच्या बाजारात आत्या भेटते, मामा भेटतो, सोयरीक जुळते. मंडईत काय, विकलं की उठा. तुम्हाला इतका आनंद झाला की तुम्ही खडूचे दोन तुकडे केलेत. "ऐका रे. हा मुलगा शहराला जेवू घालतो आणि स्वतः गावात जगतो. अशी माणसं ज्या शहराच्या काठावर असतात ना, ते शहर टिकतं."

काठावर असणं ही काही मिरवायची गोष्ट आहे, हे मला त्या दिवशी प्रथम कळलं. त्यापूर्वी वर्गात मी माझ्या पायाची माती बाकाखाली लपवून बसत असे.

वर्षानुवर्षं तुम्ही प्रत्येक वर्गाला हेच विचारत आलात, आधी अकोल्याला आणि मग इथं. मीठ, लुगडं, बैल, बाळंतीण. पोरांच्या उत्तरांतून तुम्ही अख्खा वऱ्हाड उभा केला. सरकारच्या नकाशात गावं तालुक्याच्या हद्दीप्रमाणं असतात. तुमच्या नकाशात ती बाजाराच्या वाराप्रमाणं होती. सकाळी निघालेली बैलबंडी दिवेलागणीच्या आत जिथून घरी परत येते, तेवढा त्या बाजाराचा मुलूख. तेवढ्या मुलखाला तिथंच दवाखाना पाहिजे, तिथंच हायस्कूल, तिथंच कापसाची खरेदी. ज्या कामासाठी माणसाला रात्र परगावी काढावी लागते, ते काम त्याच्या जवळ न्या. हा तुमचा आराखडा. कुठल्याही खेडुताला एका दमात समजेल असा. साहेब लोकांना तो समजायला इतकी वर्षं लागत आहेत, याला मी अडाणीपणा म्हणायचो आणि तुम्ही म्हणायचात, "अडाणी नव्हे रे, त्यांच्या घरी मीठ नोकर आणतो."

आणि तो नकाशा तुम्ही ठेवला कुठं? भिंतीवर. भाड्याच्या खोलीची एक अख्खी भिंत तुम्ही शाळेच्या फळ्याचा काळा रंग आणून रंगवली. घरमालक बोंबलत आला. तुम्ही त्याला त्याच्या सासुरवाडीचं गाव भिंतीवर दाखवलं आणि तिथं सडक नसल्याबद्दल त्याच्याकडूनच तक्रार वदवून घेतली. तो चहा पिऊन गेला. मी पाहिलं आहे हे. गाव वाढलं की तुम्ही ओल्या फडक्यानं जुना ठिपका पुसायचात आणि मोठा काढायचात. हिरव्या खडूत मळे, पिवळ्यात संत्र्याच्या बागा, निळ्यात विहिरी नि तळी. तुमच्या मंडळी, आमच्या माई, स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "लोकांच्या घरी भिंतीवर देव असतात. आमच्या घरी दर्यापूर तालुका."

तुम्ही उत्तर द्यायचात, "दर्यापूरलाच नमस्कार कर. गोडं पाणी मिळत नाही बिचाऱ्यांना."

मी कॉलेज अर्धवट सोडून पत्रकं छापायला लागलो, तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली. तुम्ही पहिलं पत्रक उभ्या उभ्या वाचलंत. त्यात मी लिहिलं होतं, कापूस आमचा आणि गिरण्या मुंबईच्या, राजधानीही तिकडंच गेली आणि आश्वासनं उरली, अमरावतीला मोठं शहर करा नाहीतर वऱ्हाडच्या तरुणानं करायचं काय. भाषा तिखट होती आणि मला तिचा गर्व होता. तुम्ही तो कागद परत दिलात आणि म्हणालात, "गिरणी जरूर माग. कुठं ठेवू ते लिहायचं राहिलं."

"अमरावतीला. आणखी कुठं?"

"का? अमरावतीला वाढायला कुणाची परवानगी लागत नाही, ती वाढेलच. परवानगी लागते चांदूर रेल्वेला. तिथून गाडी जाते, कापूस जातो, पोरं जातात. थांबत काहीच नाही. एक गिरणी तिथं ठेव आणि बघ."

मी म्हणालो, तुम्ही कुठं कुठं करत बसाल आणि तोवर गिरणी दुसऱ्या जिल्ह्यात जाईल. आधी येऊ द्या, मग जागा पाहू. तुम्ही म्हणालात, आधी आली की ती जिथं आली तिथंच राहते. हे भांडण आपण कितीदा केलं याचा हिशेब नाही. चहाच्या टपरीवर केलं, बडनेऱ्याच्या फलाटावर केलं, तुम्ही आजारी असताना इर्विन इस्पितळाच्या व्हरांड्यात केलं आणि नर्सनं मला हाकललं. तुम्ही जिंकला नाहीत, मास्तर. मी आजही म्हणतो, भुकेल्या माणसाला ताट कुठं मांडू हे विचारत बसू नये. पण एक कबूल करतो. तुमच्यानंतर मला विचारणारं कोणी राहिलं नाही. आता मी लिहितो ते लोक आवडलं तर डोक्यावर घेतात, नाही तर फाडतात. कोणी म्हणत नाही, चांगलं आहे, पण कुठं ठेवू ते राहिलं.

अकोल्याची ती सभा तुम्हाला आठवतच असेल. संत्र्यासाठी शीतगृह होणार म्हणून बातमी आली होती. अकोल्याचे व्यापारी म्हणत होते आमच्याकडे, आमच्या रेल्वे लाइनवर. अमरावतीचे म्हणत होते आमच्याकडे, जिल्हा आमचा. दोन्ही गावची माणसं एका हॉलात, बाह्या सरसावून. मीही अमरावतीच्या बाजूनं घोषणा द्यायला गेलो होतो. अध्यक्षांनी तुम्हाला बोलावलं ते तुम्ही दोन्ही गावांत शिकवलं होतं म्हणून. त्यांना वाटलं, मास्तर गोड बोलतील.

तुम्ही उठलात आणि विचारलंत, "संत्रा अकोल्यात पिकतो का?" नाही. "अमरावती शहरात पिकतो का?" नाही. "शेंदूरजनाघाटला पिकतो. झाडावरून उतरतो, बंडीत चढतो, ट्रकमध्ये चढतो, निम्मा रस्त्यात दबतो, आणि मग आपण त्याला थंड ठेवणार. जखमी झाल्यावर. शीतगृह शेंदूरजन्याला ठेवा."

एक अकोल्याचा शेठ ओरडला, "मास्तर, तिथं बिजली नाही."

"म्हणूनच तिथं. शीतगृह गेलं की त्याच्या मागं बिजली जाईल. बिजली गेली की विहिरीवर पंप जातील. पंप गेले की पोरगं रात्री वाचेल. इथं आणलं तर काय होईल? तुमच्या गल्लीत एक इमारत वाढेल."

मग जो गोंधळ झाला तो मी जन्मभर विसरणार नाही. अकोला-अमरावतीची एकी माझ्या डोळ्यांदेखत पहिल्यांदा झाली, आणि ती तुमच्याविरुद्ध झाली. दोन्हीकडचे लोक हातात हात घालून तुम्हाला बसा बसा म्हणत होते. परतताना गाडीत तुम्ही खूश होतात. म्हणालात, "बघ, मी दोन शहरं जोडली. हे कुठल्याही इंजिनियरला जमलं नसतं."

मी त्या दिवशी मनात पक्कं केलं, या माणसाशी भांडायचं, पण याच्या शेजारी उभं राहून.

शीतगृहाचं अजून काहीच झालेलं नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. दोन्ही शहरं अजून अर्ज करून राहिली आहेत.

आता वलगाव रोडचं. हे सगळ्यात अवघड आहे आणि मला ते नीट लिहायचं आहे.

सोसायटी तुमच्याच लोकांची. वकील, मास्तर, प्राध्यापक, दोन-चार भटजींची घरं. सगळे जुन्या अमरावतीत भाड्याच्या खोल्यांतून राहून कंटाळलेले. घर मागणं हा गुन्हा नव्हे. तुम्हीही सभासद होतात. माईंनी तर स्वयंपाकघर कसं असावं याची किती चित्रं मनात काढली असतील. मग जागा ठरली. सोसायटीनं सरकारमार्फत घ्यायला शहराच्या जवळची, काळ्या मातीची, गोड्या पाण्याच्या विहिरी असलेली जागा पाहिली, आणि ती आमचे मळे निघाली. तुम्ही त्यांना दुसरी जागा दाखवलीत. बडनेऱ्याच्या अंगाचं बरड. मुरमाड माळ, गवतसुद्धा पावसाळ्यापुरतं. तुम्ही म्हणालात, जिथं पीक होत नाही तिथं माणसं ठेवू, जिथं होतं तिथं पीक ठेवू. सोसायटी म्हणाली, बरड दूर आहे, पाणी नाही, आणि पाहुण्यांना काय सांगायचं.

मोजणीदार आले त्या सकाळी मी घरीच होतो. साखळी थेट वांग्यांतून ओढली त्यांनी. बाबा मोटेवर होते. त्यांनी बैल थांबवले आणि विचारलं, "काहून आले, भाऊ? कोनाचं लगन हाये वावरात?"

मोजणीदार म्हणाला, "इथं बंगले होणार आहेत, म्हातारबुवा."

"मंग वांगे कुठी होनार हायेत?"

तेवढ्यात तुम्ही सायकलवरून आलात. बांधावर बसलात, धोतर चिखलात. वकीलसाहेब मागाहून टांग्यानं आले. तुम्हा दोघांचं बोलणं मी ऐकलं. ते तुम्हाला म्हणाले, "अरे, तू आमचा की यांचा?" तुम्ही म्हणालात, "मी भाजी खातो. म्हणून यांचा." आणि तिथंच, बांधावर, सोसायटी सोडल्याचं सांगितलंत. टांग्यात बसताना त्यांचं एक पायताण चिखलात राहिलं, ते तुम्ही धुऊन त्यांच्या हातात दिलंत.

बाबा त्या दिवसापासून तुमच्या घरी मेथीची जुडी पाठवायला लागले. तुम्ही एकदा नको म्हणालात तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, तुमी आमच्यासाठी घर सोडलं. आमी काय मेथी सोडू नाई?"

पण मी तुम्हाला सोडलं नाही. त्याच आठवड्यात तुमच्या काळ्या भिंतीपुढं उभं राहून मी विचारलं, "मास्तर, तुमच्या नकाशात आम्ही हिरवे. ठीक आहे. आता त्या हिरव्या रंगातल्या माणसाच्या पोराला वकील व्हायचं असलं, तर तो कुठल्या रंगात जाईल?"

तुम्ही खडू खाली ठेवलात.

मी थांबलो नाही. म्हणालो, "तुम्ही शहराचं पोट पाहिलं. मंडई पाहिली, विहीर पाहिली. बाबांना विचारलं का, की बुवा, तुम्हाला जन्मभर मोट ओढायची आहे का? आमचा मळा राखायचा म्हणता. की माळी राखायचा?"

माई आतून म्हणाल्या, "अरे, जेवू तर दे त्यांना." पण तुम्ही जेवला नाहीत. तुम्ही मळ्यावर जाऊन बाबांना विचारून आलात, आणि पुढच्या खेपेला मी आलो तेव्हा भिंतीवर वलगावला लाल खडूनं हायस्कूल काढलेलं होतं, आणि त्याच्या शेजारी शेतकी शाळा. तुम्ही म्हणालात, "मळा जागेवर राहू दे. पोरगं कुठंही जाऊ दे. आणि एखादं शिकून परत आलं, तर ते मोट ओढणार नाही, पंप बसवेल."

"आणि एकही परत आलं नाही तर?"

तुम्ही म्हणालात, "ते मला अजून काढता आलेलं नाही."

मास्तर, मी कितीतरी पुढाऱ्यांना प्रश्न विचारले आहेत. मला ते काढता आलेलं नाही, असं म्हणणारे तुम्ही एकटे. प्रश्न अजून तसाच उभा आहे. मी स्वतः मळा करत नाही, हे तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही ते एकदाही माझ्या तोंडावर मारलं नाहीत.

शोकसभेनंतर दोन-तीन दिवसांनी मी माईंकडे गेलो. ठरवून गेलो होतो की प्लॉट घेऊ नका असं सांगायचं. जिन्यातच थांबलो. मी कोण सांगणारा? बाईनं अख्खं आयुष्य काळ्या भिंतीच्या खोलीत काढलं, खुंटीला एक तसबीर लावायची सोय नाही, आणि आता कुठं कोणी घर देतो आहे, तर हा पत्रकवाला तत्त्व घेऊन दारात. वर गेलो तर वकीलसाहेब आधीच बसलेले. त्यांच्या हातात सहीचा कागद.

माईंनी मला पाटावर बसवलं आणि म्हणाल्या, "ये किसना. तूही ऐक. भावजींनी घर आणलं आहे."

वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "वहिनी, ह्याचं काही ऐकू नका. मित्राची शेवटची सेवा आहे ही. मास्तरांचं नाव कायम राहील."

"नाव राहू द्या. मला घर पाहिजे," माई म्हणाल्या.

वकीलसाहेबांनी पेन उघडलं.

"लग्न झालं तेव्हापासून मागून राहिली मी," त्या पुढं म्हणाल्या. "अकोल्याला म्हणाले, बदली होईल. इथं आलो तर म्हणाले, सोसायटी होईल. सोसायटी झाली तर एक दिवस चिखलाचं धोतर घेऊन आले आणि म्हणाले, सोडून आलो. मी तेव्हा दोन दिवस बोलली नाही त्यांच्याशी. आता ते नाहीत, तर मी स्पष्टच सांगते. घर मी घेणार. पण ह्या पोराच्या बापाच्या वांग्यांत नाही. बरडावर द्या."

"बरडावर?" वकीलसाहेबांनी पेन मिटलं. "वहिनी, तिथं कुत्रंसुद्धा राहत नाही."

"मी राहीन ना. मग कुत्रंही येईल."

"पाणी कुठून आणाल?"

"तुम्ही आणाल. वलगाव रोडला नळ नेणारच होता की तुम्ही. तोच नळ तिकडं वळवा. म्युनिसिपालटीत सगळे तुमचेच आहेत. की फक्त काळ्या मातीतच पाणी आणता येते तुम्हाला?"

मी तोंड उघडणार होतो. माईंनी हात केला. "तू गप. तू बोललास की भावजींना राग येतो, आणि मग त्यांना माझं खरं असलं तरी मानता येत नाही."

मास्तर, एवढी मोठी गोष्ट मला कोणत्याही पत्रकानं शिकवली नव्हती.

वकीलसाहेब उठून काळ्या भिंतीपाशी गेले. तुमच्या हातचा शेवटचा खडू अजून तिथं आहे. मग म्हणाले, "निदान एकदा जागा पाहू." हो म्हणाले नाहीत. पण कागद घडी करून खिशात घातला.

रविवारी आम्ही गेलो. तिकडं सडक नाही, म्हणून बाबांनी बंडी जुंपली. माईंसाठी खाली सतरंजी अंथरली. वकीलसाहेब सायकलवरून आले, निम्म्या रस्त्यात उतरून सायकल ढकलत. ऊन चांगलंच होतं. बरड म्हणजे बरडच. मुरूम, तरवडाची झुडपं, एक वाकडं पळसाचं झाड. पण वारा काय होता. जुन्या गावात तसा वारा मी कधी खाल्ला नाही. उतारावरून सगळी अमरावती दिसत होती, आणि तिच्या पलीकडे आमच्या मळ्यांची हिरवी रेघ.

बाबांनी वाकून मूठभर माती उचलली, बोटांतून सोडली आणि वकीलसाहेबांना म्हणाले, "साहेब, इथं सात जनम काई पिकत नाई. घरासाठी एक नंबर."

वकीलसाहेब हसले. शोकसभेनंतर पहिल्यांदा हसताना पाहिलं त्यांना.

माई एका दगडावर बसल्या आणि चारी दिशांना पाहत राहिल्या. मी जवळ गेलो. त्यांना ऊन लागतं आहे का विचारायला गेलो होतो. त्या म्हणाल्या, "तुझे मास्तर मला इथं कधी घेऊन आले नाहीत रे. भिंतीवर दाखवलं. सभेत सांगितलं. साऱ्या जिल्ह्याला सांगितलं. मला वाटायचं, बरड म्हणजे काय की, ओसाड, भीती वाटावी असं. एकदा बंडीत घालून आणलं असतं, तर मी त्याच दिवशी हो म्हटलं असतं."

तुम्हाला वाटलं असेल की घराचा विषय काढला तर त्या दुखावतील. तुम्ही त्यांना जपलंत आणि त्यांना विचारायचं राहून गेलं. बाबांना तरी तुम्ही निदान माझ्या भांडणानंतर विचारलंत. हे मी रागानं लिहीत नाही. मला तुमच्याबद्दल आदर किती आहे हे तुम्हाला माहीत आहे, आणि आदर आहे म्हणूनच ही एक चूक तुमच्या नावावर लिहून ठेवतो, म्हणजे आम्ही पुढचे ती करणार नाही. उद्या बरडावर कोणाकोणाला न्यायचं ठरलं, तर आधी बायांची बंडी भरायची. पुरुषांना मागून सायकलवर येऊ द्या.

सोसायटीची बैठक अजून व्हायची आहे. सभासद माझ्यावर भडकलेले आहेत, वलगाव रोडचे नकाशे छापून तयार आहेत, आणि तुमच्या नावाची पाटी रंगवायलासुद्धा दिली आहे म्हणे. मी बैठकीला दारात पत्रकं वाटणार होतो. माईंनी मनाई केली आहे. त्या स्वतः जाणार आहेत. सभासद नसलेल्या बाईला बोलू देतील का, हे कोणालाच माहीत नाही. मळे राहतात की जातात, ते त्या दिवशी ठरेल. बाबांनी मात्र यंदा झेंडूची रोपं लावली आहेत. थांबून पाहायला त्यांना वेळ नाही.

पण बरडावरचं एवढं सांगून थांबतो. निघायच्या वेळी माईंनी काठीनं मुरमात एक चौकोन काढला. हे स्वयंपाकघर, म्हणाल्या, आणि दार पूर्वेकडं. वकीलसाहेब छत्री उघडून तिथंच रेंगाळत होते. चार पावलं इकडं गेले, चार तिकडं. माई त्यांच्याकडे न पाहताच म्हणाल्या, "भावजी, एक आताच सांगून ठेवते. तुमचं दार माझ्या दारासमोर नको. तुमच्याकडे पक्षकार फार येतात, दिवसभर कटकट."

वकीलसाहेबांनी छत्री मिटली, तिचं टोक मुरमावर टेकवलं आणि विचारलं, "मग कोणत्या अंगाला ठेवू, वहिनी?"